हरलेल्यांनी घडवलेली प्रायमरी : डेमोक्रॅटिक पक्षाची वाटचाल

२७ जून २००८. उमेदवारीची लढत संपल्यावर बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन न्यू हॅम्पशायरमधल्या एका लहानशा गावात एका मंचावर आले. गावाचे नाव युनिटी, म्हणजे एकी. पण हे गाव केवळ नावासाठी निवडलेले नव्हते. जानेवारीतल्या प्रायमरीत इथल्या मतदारांनी दोघांनाही बरोबर १०७ मते दिली होती. मधले पाच महिने हे दोघे राज्याराज्यांत एकमेकांविरुद्ध लढले होते. क्लिंटन हरल्या तर ओबामांना मत देणार नाही, असे त्यांचे काही समर्थक उघडपणे सांगत होते. त्या दिवशी मंचासमोर जमलेल्या लोकांत दोन्ही बाजूंची माणसे होती आणि दोन्ही बाजूंचे घाव ताजे होते.

हे दृश्य मराठी वाचकाला अगदीच परके नाही. आपल्याकडे तिकीटवाटप झाले की नाराजी सुरू होते. डावलला गेलेला कार्यकर्ता अपक्ष अर्ज भरतो आणि माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत नेते त्याच्या घरी मनधरणी करत बसतात. अमेरिकेतही नाराजी असतेच, पण तिथे ती मोजली जाते. पक्षाचा उमेदवार पक्षाचेच मतदार ठरवतात, आणि त्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत राज्याराज्यांत जे मतदान होते ते म्हणजे प्रायमरी. उन्हाळ्यात पक्षाचे अधिवेशन भरते, त्यात राज्यांचे प्रतिनिधी उमेदवारीवर शिक्कामोर्तब करतात आणि नोव्हेंबरात खरी लढत होते. म्हणजे हरलेल्या बाजूचे लाखो लोक नेमके किती आणि कुठे आहेत, हे पक्षाला आधीच ठाऊक असते. त्यांना परत आणायला हातात काही महिने असतात.

प्रायमरीत समर्थक विभागले गेले, तर पक्ष नोव्हेंबरात हरतो का? या प्रश्नाने डेमोक्रॅटिक पक्षाइतके चटके क्वचितच कुणाला दिले असतील. त्याची वाटचाल वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आज प्रायमरीचे जे मोठे नियम आहेत, त्यांतला जवळजवळ प्रत्येक नियम कुणा ना कुणा हरलेल्या गटाच्या तक्रारीतून आला आहे. तक्रार खरी होती, पण बहुतेक वेळा ती ऐकली गेली ती पराभवानंतर.

बंद दारांची शंभर वर्षे

पक्षाचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन १८३२मध्ये बाल्टिमोरला भरले. तिथेच ठरले की उमेदवाराला प्रतिनिधींची दोनतृतीयांश मते हवीत. हेतू एकमताचा होता, पण या नियमाने प्रत्येक मोठ्या गटाच्या हाती नकाराधिकार दिला. त्याचे टोक १८६०मध्ये दिसले. चार्ल्सटनच्या अधिवेशनात गुलामगिरीच्या प्रश्नावर दक्षिणेचे प्रतिनिधी उठून गेले आणि ५७ फेऱ्यांनंतरही उमेदवार ठरला नाही. पुढे उत्तरेच्या डेमोक्रॅट्सनी स्टीफन डग्लस यांना आणि दक्षिणेच्या डेमोक्रॅट्सनी जॉन ब्रेकिनरिज यांना उभे केले. अब्राहम लिंकन ४० टक्क्यांहूनही कमी मतांवर अध्यक्ष झाले. अर्थात ही फूट अधिवेशनात पडली नव्हती. देश आधीच फुटलेला होता आणि अधिवेशनात ते उघडे पडले, एवढेच.

१९२४मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पुन्हा तेच झाले. एकीकडे ग्रामीण, दारूबंदीवाले, प्रॉटेस्टंट डेमोक्रॅट, तर दुसरीकडे शहरी, स्थलांतरित, कॅथलिक डेमोक्रॅट. कू क्लक्स क्लॅनचा नाव घेऊन निषेध करायचा की नाही, यावर सभागृह जवळजवळ समसमान विभागले गेले आणि तो ठराव अगदी निसटत्या फरकाने पडला. १०३ फेऱ्यांनंतर जॉन डेव्हिस हे तडजोडीचे नाव पुढे आले आणि नोव्हेंबरात कॅल्विन कूलिज यांच्यासमोर त्यांचा धुव्वा उडाला. दोनतृतीयांशाचा नियम अखेर १९३६मध्ये गेला.

प्रायमरीची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत रुजली. पक्षाच्या ठेकेदारांच्या हातून उमेदवारी काढून मतदारांच्या हाती द्यायची, असा तिचा उद्देश होता. १९१२मध्ये तिची पहिली मोठी कसोटी लागली ती रिपब्लिकन पक्षात. थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या, तरी अधिवेशनाने उमेदवारी विल्यम टॅफ्ट यांना दिली. रूझवेल्ट यांनी नवा पक्ष काढला. दोघांची मते मिळून निम्म्याहून थोडी अधिक भरली आणि सुमारे ४२ टक्के मते मिळवणारे डेमोक्रॅट वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले.

विल्सन यांचा स्वतःचा पक्ष तरी कुठे एकसंध होता? चँप क्लार्क यांना अधिवेशनात बहुमत मिळाले होते, पण दोनतृतीयांश मते जमली नाहीत, आणि ४६व्या फेरीत विल्सन निवडले गेले. पण क्लार्क यांनी वेगळी चूल मांडली नाही, आणि पक्षातल्या सर्वांत प्रभावी गटाचे नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन पुढे विल्सन यांचे परराष्ट्रमंत्री झाले. त्या वर्षी फूट दोन्ही पक्षांत होती. एका पक्षात हरलेला बाहेर पडला आणि दुसऱ्यात तो आत राहिला.

त्यानंतर अर्धशतक प्रायमरी होत राहिल्या, पण निर्णय नेत्यांच्या खोलीतच होई. १९५२मध्ये एस्टेस केफॉवर यांनी १२ प्रायमऱ्या जिंकल्या आणि उमेदवारी मिळाली एकही न लढलेल्या अॅडलाय स्टीव्हन्सन यांना.

शिकागो, १९६८

या व्यवस्थेचा स्फोट ऑगस्ट १९६८मध्ये शिकागोत झाला. त्याची ठिणगी मात्र चार वर्षे आधीची होती. १९६४च्या अटलांटिक सिटी अधिवेशनात मिसिसिपीच्या कृष्णवर्णीयांनी स्वतःचे प्रतिनिधी मंडळ आणले होते, कारण राज्यातल्या अधिकृत पक्षाने त्यांना दारही उघडले नव्हते. फॅनी लू हेमर या शेतमजूर कार्यकर्तीने समितीपुढे तुरुंगातल्या मारहाणीची साक्ष दिली. पक्षाने मंडळाला दोन जागा देऊ केल्या आणि मंडळाने त्या नाकारल्या. लिंडन जॉन्सन त्या नोव्हेंबरात ६१ टक्के मतांनी जिंकले, म्हणून ही फूट किरकोळ ठरली असे कुणाला वाटले असेल. पण अधिवेशनात वंशभेद करणारी मंडळे यापुढे बसू दिली जाणार नाहीत, हे वचन तिथेच मिळाले. नियम बदलण्याची सुरुवात या हरलेल्यांपासून झाली.

१९६८च्या मार्चमध्ये व्हिएतनाम युद्धाचे विरोधक युजीन मॅकार्थी यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये पदावरच्या अध्यक्षासमोर ४२ टक्के मते घेतली. ३१ मार्चला जॉन्सन यांनी माघार जाहीर केली. रॉबर्ट केनेडी कॅलिफोर्निया जिंकल्याच्या रात्री गोळीला बळी पडले. आणि शिकागोत उमेदवारी मिळाली उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना. त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. बाहेर पोलिस तरुण निदर्शकांवर लाठ्या चालवत होते आणि देश ते दूरचित्रवाणीवर पाहत होता.

त्यापुढचे दोन महिने या विषयावरचा सर्वांत मोठा धडा आहेत. हम्फ्री सर्वेक्षणांत खूप मागे होते. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीतल्या भाषणात त्यांनी युद्धाबाबत जॉन्सन यांच्यापासून थोडे अंतर घेतले आणि बॉम्बहल्ले थांबवण्याची तयारी दाखवली. युद्धविरोधी मतदार हळूहळू परतू लागले. मॅकार्थी यांनी मात्र पाठिंबा दिला तो २९ ऑक्टोबरला, मतदानाला आठवडा उरला असताना, आणि तोही कोरडाच. निकालात रिचर्ड निक्सन ४३.४ टक्के, हम्फ्री ४२.७ टक्के आणि दक्षिणेतला रोष घेऊन स्वतंत्र लढलेले जॉर्ज वॉलेस १३.५ टक्के. निक्सन यांची आघाडी पाच लाखांच्या आसपास होती. ऑगस्टमध्ये जे बोलायला हवे होते ते सप्टेंबरअखेर बोलले गेले. ही दिरंगाई पक्षाला भोवली, असे मला ठामपणे वाटते.

नियम बदलले, जुनी माणसे दुरावली

शिकागोच्या रोषातून मॅकगव्हर्न–फ्रेझर आयोग आला. प्रतिनिधी उघड प्रक्रियेने निवडा, स्त्रिया, तरुण आणि अल्पसंख्याकांना जागा द्या, असे नियम झाले. ते पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून अनेक राज्यांनी प्रायमरी स्वीकारली. आज आपण पाहतो ती प्रायमरीची व्यवस्था १९७२मध्ये उभी राहिली.

नव्या नियमांचा पहिला लाभ स्वतः जॉर्ज मॅकगव्हर्न यांना झाला, उमेदवारी त्यांनाच मिळाली. पण आता डावलले गेले जुने लोक. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली १९६८च्या अधिवेशनाचे यजमान होते. १९७२च्या मायामी बीच अधिवेशनात त्यांच्यासह इलिनॉयचे ५९ प्रतिनिधी नियमभंगाच्या कारणाने बाहेर काढले गेले आणि त्यांच्या जागी जेसी जॅक्सन यांच्यासारखे नवे लोक बसले. कामगार महासंघाचे जॉर्ज मीनी यांनी मॅकगव्हर्न यांना पाठिंबा द्यायला नकार दिला. टेक्सासचे माजी गव्हर्नर जॉन कॉनली यांनी निक्सनसमर्थक डेमोक्रॅट्सची आघाडी काढली. उमेदवाराचे स्वीकृतीचे भाषण मध्यरात्र उलटून पहाटेकडे ढकलले गेले. नोव्हेंबरात मॅकगव्हर्न ४९ राज्ये हरले. मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन, एवढेच त्यांच्या पदरी पडले.

निक्सन त्या वर्षी तसेही बलवान होते, त्यामुळे एकीने मॅकगव्हर्न जिंकले असते असे कुणी म्हणणार नाही. पण पराभव एवढा मोठा झाला, त्यात या फुटीचा हात होता. १९६८मध्ये तरुणांना वाटले की पक्ष आपला नाही, १९७२मध्ये तसेच कामगारांना आणि जुन्या पुढाऱ्यांना वाटले. एका गटाला न्याय देताना दुसऱ्याचा अपमान झाला, तर फूट मिटत नाही, ती जागा बदलते.

पदावरच्या अध्यक्षाला घरातूनच आव्हान

१९८०मध्ये एडवर्ड केनेडी यांनी आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाला, जिमी कार्टर यांना आव्हान दिले. कार्टर यांना प्रायमरीतली निम्म्याहून थोडी अधिक मते मिळाली, केनेडी यांना ३७ टक्के. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारखी मोठी राज्ये केनेडी यांनी जिंकली होती. अधिवेशनापर्यंत ते हटले नाहीत. प्रतिनिधींना पहिल्या फेरीत बंधनमुक्त करावे, यासाठीही ते लढले आणि हरले. शेवटच्या रात्री मंचावर दोघांचे हात एकत्र उंचावलेले छायाचित्र कार्टर यांना हवे होते. केनेडी आले, हस्तांदोलन केले, पण तो क्षण आलाच नाही. तो न आलेला क्षण देशाने पाहिला. नोव्हेंबरात रोनाल्ड रेगन राज्यनिहाय ठरणाऱ्या निर्वाचक मतांत ४८९ विरुद्ध ४९ असे जिंकले. डेमोक्रॅट म्हणवणाऱ्या मतदारांपैकी सुमारे चौथा हिस्सा रेगन यांच्याकडे गेला.

पदावरच्या अध्यक्षाविरुद्ध घरातून मोठे बंड झाले की तो पक्ष व्हाइट हाऊस गमावतो, असा नियमच लोक सांगतात, आणि उदाहरणेही त्यालाच धरून आहेत. १९६८मध्ये जॉन्सन, १९७६मध्ये रेगन यांच्याशी झुंजलेले जेराल्ड फोर्ड, १९८०मध्ये कार्टर, १९९२मध्ये पॅट ब्यूकॅनन यांचे आव्हान झेललेले थोरले बुश. चारही वेळा सत्ता गेली. पण बंड कशामुळे झाले, हेही विचारले पाहिजे. महागाई, तेहरानमधले ओलीस, बेकारी यांनी कार्टर आधीच खचले होते, म्हणून केनेडी उभे राहिले. अंगात ताप आहे म्हणून पारा चढतो, पाऱ्यामुळे ताप येत नाही. अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी या प्रश्नावर अनेक दशके वाद घातला आहे. अध्यक्षाची लोकप्रियता आणि अर्थस्थिती हिशेबात धरली की फुटीचा स्वतंत्र परिणाम बराच लहान होतो, असे त्यांच्यातल्या काहींचे म्हणणे आहे. ते मला पटते. फक्त लहान परिणाम म्हणजे बिनमहत्त्वाचा परिणाम नव्हे, कारण निवडणुका अनेकदा लहान फरकानेच ठरतात.

नेत्यांना परत जागा, मग जॅक्सन यांची मागणी

१९७२ आणि १९८०च्या पराभवांनंतर तक्रारीची पाळी निवडून आलेल्या नेत्यांची होती. प्रायमरीने आम्हाला बाहेर काढले, असे खासदार, गव्हर्नर म्हणू लागले. हंट आयोगाने १९८२मध्ये त्यांच्यासाठी जागा राखल्या. कुणालाही बांधील नसलेले हे प्रतिनिधी पुढे 'सुपरडेलिगेट' म्हणून ओळखले गेले. १९८४मध्ये वॉल्टर माँडेल यांनी गॅरी हार्ट यांच्यावर निसटती मात केली, त्यात या नेत्यांचा मोठा वाटा होता. नोव्हेंबरात माँडेलही ४९ राज्ये हरले. नेत्यांना परत आणून मतदार परत येतातच असे नाही, हे पक्षाला कळून चुकले.

१९८८मध्ये जेसी जॅक्सन सुमारे ७० लाख मते घेऊन दुसरे आले. आमच्या मतांच्या मानाने आम्हाला प्रतिनिधी मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती आणि आकडे त्यांच्या बाजूने होते. पक्षाने ती मान्य केली. १९९२पासून सर्व राज्यांत प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जाऊ लागले, अट एवढीच की किमान १५ टक्के मते हवीत. जॅक्सन स्वतः कधी अध्यक्ष झाले नाहीत. पण त्यांनी मिळवलेल्या या नियमाशिवाय वीस वर्षांनी ओबामांना उमेदवारी मिळणे फार अवघड होते. आयडाहोसारख्या लहान राज्यात मोठ्या फरकाने जिंकून ओबामांनी प्रतिनिधींची जवळपास तेवढीच आघाडी घेतली, जेवढी क्लिंटन यांना न्यू जर्सीसारखे मोठे राज्य जिंकून मिळाली.

२००८ : दुखावलेल्यांचा सन्मान

याच नियमाने २००८ची लढत ३ जूनपर्यंत लांबली. एकाच पक्षातले मतदार वंश, लिंग, वय आणि शिक्षण या रेषांवर विभागले गेले. ७ जूनला वॉशिंग्टनमध्ये क्लिंटन यांनी ओबामांना स्पष्ट, बिनशर्त पाठिंबा दिला आणि आपल्या १ कोटी ८० लाख मतदारांना डोळ्यांसमोर ठेवून बोलल्या. मग युनिटी. मग २७ ऑगस्टला डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्यांची हजेरी चालू असताना न्यूयॉर्कच्या मंडळातून क्लिंटन यांनीच प्रस्ताव मांडला की मोजणी थांबवून ओबामांना सर्वानुमते निवडावे. मोजणी सुरू झाली होती, म्हणजे त्यांच्या लोकांची मते नोंदली जात होती, आणि ती थांबवण्याचा मानही त्यांच्याच हातात होता. विजयानंतर त्या परराष्ट्रमंत्री झाल्या.

तरी सगळे परतले नाहीत. वेगवेगळ्या सर्वेक्षणांनुसार क्लिंटन यांच्या प्रायमरी मतदारांपैकी साधारण १५ ते २५ टक्के लोकांनी रिपब्लिकन उमेदवार जॉन मकेन यांना मत दिले. आणि ओबामा ३६५ विरुद्ध १७३ असे जिंकले. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स कोसळली, इराक युद्धाला लोक कंटाळले होते, मावळत्या अध्यक्षांची लोकप्रियता रसातळाला गेली होती. वारा एवढा पाठीशी होता की गळती जाणवलीच नाही.

२०१६ : ७८ हजारांचे अंतर

आठ वर्षांनी क्लिंटन विजेत्या होत्या आणि हरलेले होते बर्नी सँडर्स, सुमारे १ कोटी ३० लाख मतांसह. पक्षाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जाहीरनामा लिहिणाऱ्या १५ जणांच्या समितीत सँडर्स यांना ५ जागा मिळाल्या आणि तासाला १५ डॉलर किमान वेतनाची मागणी जाहीरनाम्यात आली. १२ जुलैला पोर्ट्समथमध्ये त्यांनी क्लिंटन यांना पाठिंबा दिला आणि पुढे प्रचारही केला. पण अधिवेशनाच्या तोंडावर पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे चोरलेले ईमेल बाहेर आले. त्यांत समितीच्या अधिकाऱ्यांचा सँडर्स यांच्याबद्दलचा आकस दिसत होता. समितीच्या अध्यक्ष डेबी वासरमन शुल्ट्झ यांना पद सोडावे लागले आणि फिलाडेल्फियात सँडर्स यांचे प्रतिनिधी रडत, घोषणा देत बसले होते. पंच आपल्या बाजूचा नव्हता, हा संशय एकदा पक्का झाला की जाहीरनाम्यातली ओळ तो पुसू शकत नाही.

एका मोठ्या सर्वेक्षणानुसार सँडर्स यांच्या प्रायमरी मतदारांपैकी सुमारे १२ टक्के लोकांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. हे प्रमाण २००८मधल्या गळतीपेक्षा जास्त नाही. शिवाय त्यांच्यातले बरेच जण स्वतःला पक्के डेमोक्रॅट मानतच नव्हते. पण मिशिगनमध्ये १०,७०४, विस्कॉन्सिनमध्ये २२,७४८ आणि पेनसिल्व्हेनियात ४४,२९२, असे तीन राज्यांत मिळून ७८ हजारांहून कमी मतांनी निवडणूक गेली. छताला भोक तेवढेच होते, या वेळी पाऊस पडत होता.

त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षही फुटलेलाच होता. क्लीव्हलँडच्या अधिवेशनात प्रायमरीत हरलेल्या टेड क्रूझ यांनी मंचावरून ट्रम्प यांना पाठिंबा द्यायचे टाळले. ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक स्वतःच्या राज्यातल्या अधिवेशनात फिरकलेही नाहीत. तरी रिपब्लिकन म्हणवणाऱ्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणांनी ट्रम्प यांनाच मत दिले. समोरच्या पक्षाबद्दलचा राग घरातल्या भांडणाहून मोठा असेल, तर माणसे परत येतात.

२०२० : वेळेत उचललेले पाऊल

सँडर्स समर्थकांच्या तक्रारीचे उत्तर २०१८मध्ये मिळाले. पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटना मत देता येणार नाही, असे पक्षाने ठरवले. दोन वर्षांनी सँडर्स पुन्हा हरले, या वेळी जो बायडन यांच्याकडून. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात बायडन यांचा विजय, लगेच पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार या प्रतिस्पर्ध्यांचा पाठिंबा, ३ मार्चला चौदा राज्यांचा निकाल, असे ते चित्र आठवड्याभरात पालटले. ८ एप्रिलला सँडर्स यांनी प्रचार थांबवला आणि १३ एप्रिलला पाठिंबा दिला. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या लोकांचे सहा संयुक्त गट बसले. हवामान, आरोग्य, शिक्षण, अर्थव्यवस्था अशा विषयांवर त्यांनी ११० पानांचा एकत्र मसुदा केला. महामारीमुळे मोठे मेळावे नव्हते आणि ट्रम्प यांना हटवण्याची निकड सर्वांना वाटत होती, हे खरे. तरी हरलेल्या बाजूला ऑक्टोबरात भाषणाला बोलावणे वेगळे आणि मे महिन्यात मसुदा लिहायला टेबलाशी बसवणे वेगळे. बायडन ३०६ विरुद्ध २३२ असे जिंकले आणि निर्णायक राज्यांतले अंतर या वेळीही थोडेच होते.

मिशिगनमधली तीन वर्षे

मिशिगन राज्यात या गोष्टीचा एक धागा मराठीशी जोडलेला आहे. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार २०१८मध्ये तिथे गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, सँडर्स यांचा पाठिंबा असलेले अब्दुल अल-सईद दुसरे आणि ठाणेदार तिसरे आले. जवळपास निम्मी मते व्हिटमर यांच्याविरुद्ध गेली होती, तरी नोव्हेंबरात त्या नऊ-दहा टक्क्यांच्या फरकाने निवडून आल्या. २०२२मध्ये डेट्रॉइट परिसरातल्या अमेरिकी काँग्रेसच्या जागेसाठी नऊ जणांच्या प्रायमरीत ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर पहिले आले. म्हणजे दहांपैकी सात मतदारांनी दुसऱ्या कुणाला पसंती दिली होती. पण मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्यामुळे नोव्हेंबरात त्यांना ७० टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. बालेकिल्ल्यात फूट पचते, काठावरच्या जागी ती जीव घेते.

आणि मिशिगन राज्य काठावरचेच आहे. २०२४मध्ये बायडन यांच्यापुढे खरा प्रतिस्पर्धी नव्हता. गाझातल्या युद्धाबद्दलचा राग घेऊन २७ फेब्रुवारीला मिशिगनमधल्या लाखाहून अधिक डेमोक्रॅटिक मतदारांनी 'कुणीही नाही' अशा अर्थाच्या पर्यायावर खूण केली. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली आणि प्रायमरीशिवायच कमला हॅरिस उमेदवार झाल्या. शिकागोच्या अधिवेशनात पॅलेस्टिनी वंशाच्या एका वक्त्याला बोलू द्यावे, ही या मतदारांच्या नेत्यांची मागणी मान्य झाली नाही. नोव्हेंबरात हॅरिस मिशिगन सुमारे ८० हजार मतांनी हरल्या. अरब वंशाची मोठी वस्ती असलेल्या डिअरबॉर्न शहरात ट्रम्प त्यांच्या पुढे होते. त्या सातही चुरशीची राज्ये हरल्या, त्यामुळे एका राज्यातल्या एका गटावर सगळा पराभव लादणे चूक ठरेल. महागाईने देशभर मते फिरली होती. पण फेब्रुवारीत मोजून दाखवलेली तक्रार ऑगस्टमध्ये पाच मिनिटांच्या भाषणानेही ऐकली गेली नाही, ही गोष्ट उरतेच.

हिशेब

आपल्या महाराष्ट्रानेही या प्रयोगाची झलक पाहिली आहे. २०१४च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने काही मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार ठरवले. वर्धा आणि लातूर त्यांत होते. दोन्ही जागा पक्ष हरला. पण राज्यात पक्षाच्या हाती दोनच जागा आल्या, तेव्हा दोष त्या मतदानावर टाकता येत नाही. इथेही पाऱ्याला ताप समजू नये.

जवळजवळ दोन शतकांची ही वाटचाल पाहून मी एवढे म्हणू शकतो. प्रायमरीत समर्थक विभागले गेले म्हणजे पक्ष आजारी आहे, असे नाही. ज्या पक्षात खरे प्रश्न आहेत, तिथे मते विभागणारच. वारा अनुकूल असेल किंवा जागा बालेकिल्ल्याची असेल, तर ती फूट खपून जाते. लढत काठावर असेल तेव्हा मात्र सारे या तीन गोष्टींवर येऊन ठेपते: हरलेल्यांची मोजणी झाली का, पंच निष्पक्ष होता असे त्यांना वाटले का, आणि त्यांना वेळेत टेबलाशी बसवले का. पाठिंब्याच्या भाषणाने नेता परत येतो. त्याचा मतदार परत येतो तो आपले म्हणणे कुठेतरी लिहिले गेले, हे दिसल्यावर.

हेमर यांच्या मंडळाला दोन जागा देऊ केल्या होत्या, त्यांनी दार मागितले. जॅक्सन यांनी प्रमाण मागितले. सँडर्स यांच्या लोकांनी निष्पक्ष पंच मागितला. आज प्रायमरीत मत देणारा प्रत्येक डेमोक्रॅट या मागण्यांच्या आधाराने मत देतो, आणि त्या मागणाऱ्यांपैकी कुणीही स्वतः अध्यक्ष झाले नाही. युनिटी गावातल्या त्या १०७ क्लिंटन मतदारांपैकी किती जणांनी नोव्हेंबरात ओबामांच्या नावावर खूण केली, हे गुप्त मतदानात कधी कळणार नाही. पण जिंकलेला उमेदवार त्यांच्या गावी आला होता आणि जिला त्यांनी मत दिले होते तिला सोबत घेऊन आला होता.